बिनमिठाची भाजी

बायजाबाईचं अर्धं आयुष्य पेणच्या खाडीकाठी मिठागरात गेलं. मिठागर बंद पडलं तेव्हा तिच्या आणि नवऱ्याच्या, कान्हूच्या, टाचांना भेगा राहिल्या आणि बांधावर मोरस. मोरस म्हणजे बारीक, रसाळ पानांची, मुळातच खारट भाजी. गावात फुकट. आरोग्यकेंद्रातली नर्सबाई म्हणाली, ही ताकदीची आहे, शहरात विका.

"माझ्या मिठाला कोणी विचारलं नाय, तुझ्या गवताला विचारतील," कान्हू म्हणाला.

"त्या गवतावरच जेवतोस," म्हणत तिने वीस जुड्या बांधल्या आणि रोह्याची गाडी पकडली.

रोह्याजवळच्या वरसे गावात नव्या इमारती, बिऱ्हाडं परगावची. पहिल्या दिवशी सगळ्या जुड्या खपल्या. दुसऱ्या दिवशी त्याच बायका भांडायला आल्या.

"भाजी आहे की मिठाचा खडा?"

"वरून मीठ घातलंस काय गो?" बायजाबाईने एकीला विचारलं.

"मग भाजीत मीठ घालायचं नाही?"

हे कुणाला सांगावं लागतं, हेच बायजाबाईला ठाऊक नव्हतं. तेव्हापासून ती ओरडू लागली, "बिनमिठाची भाजी घ्या, बिनमिठाची."

गिऱ्हाईक वाढलं, पण सगळे म्हातारेच. कान्हू आता गवत म्हणेनासा झाला. पहाटे उठून स्वतः मोरस खुडू लागला. कंपनीतून निवृत्त झालेले दत्तात्रेय तर रोज तीन जुड्या नेत.

"भाऊ, येवढी खातं कोण?"

"मीच. रक्तदाब आहे, डॉक्टरांनी मीठ बंद केलंय. तुमची भाजी बिनमिठाची, म्हणून माझ्यासारख्या या सगळ्यांनाही इथे पाठवलं."

बायजाबाईने रांगेकडे पाहिलं. सात पिशव्या उघड्या होत्या. घरी कान्हूला काय सांगायचं, याचा तिने थोडा वेळ विचार केला. मग दत्तात्रेयांच्या पिशवीतून जुड्या काढून घेतल्या.

"मीठ हिच्या अंगातच हाय. वरून घालू नका, येवढंच मी वरडत होते."

रांग मोडली. दत्तात्रेय हलले नाहीत.

"बाई, हळू बोला. मला पहिल्या घासालाच कळलं होतं. चार महिन्यांनी तोंडाला चव आली."

"मग उद्या वहिनींना धाडा. तुमच्या हातात नाय देणार."

वहिनी आल्या त्या तावातावाने. नवरे या विषयावर दोघी तासभर बोलल्या. दुसऱ्या दिवशी वहिनी चार शेजारणींना घेऊन आल्या. प्रत्येकीने स्वतःपुरती जुडी पदराखाली घेतली.

"ह्यांच्या पथ्यापायी आम्हीही अळणीच खातोय. घरी ह्यांना कळू देऊ नका," वहिनी म्हणाल्या.