मोटर बसवलेली विहीर

"मोटरीचं पाणी महाराजांस्नी चालायचं न्हाई बगा," शेजारच्या काकू आमच्या विहिरीत डोकावून आईला म्हणाल्या. "तुमच्या दारात कशाला थांबत्यात ते?"

आई हसली, पण धुणं तसंच हातात राहिलं. सांगलीजवळच्या आमच्या गावात परवा दिगंबर मुनी येणार होते. त्यांना एकदा तरी आपल्या घरी आहार द्यावा, ही तिची लग्नापासूनची इच्छा. आणि मोटरही तिचीच. भिशी लागली की बायका पाटल्या करतात. आईने ते पैसे वडिलांच्या हातात ठेवून विजेची मोटर बसवून घेतली होती. मी पाचगणीच्या कॉन्व्हेंटमधून सुट्टीला आले की आम्ही दोघी पाइपच्या तोंडाशी उभ्या राहून बघायचो. बटण दाबायचं, आणि सगळा ऊस भिजायचा!

संध्याकाळी आई मला घेऊन बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, पंडितांकडे गेली.

"आवं पंडितजी, उसाला चालतं ते पाणी महाराजांना का चालत न्हाई?"

"ऊस आपल्या पोटासाठी. शेतीत जीव मरतात, ते गृहस्थाला टळत नाही. पण महाराजांसाठी पाणी गाळलं, की फडक्यात राहिलेले जीव त्याच विहिरीत परत सोडायचे असतात. मोटरीतून आलेले कुठले जिवंत?"

"मग मोटर काढू?" आईचा आवाज बारीक झाला.

"कशाला? विहीर काय पळून गेली? दोर आणा की!"

त्यांनी देवळातली पितळी बादली दिली. तिच्या तळालाही एक कडी होती. आई चुलीपाशी गुंतलेली, म्हणून महाराज येणार त्या दिवशी पहाटे पाणी मी शेंदलं, गाळलं, फडकं उलटं करून गाळलेल्या पाण्यानं त्याच बादलीत धुतलं. मग तळाच्या कडीत दुसरी दोरी अडकवून बादली हळूहळू खाली सोडली. पाण्याला टेकल्यावर ती दोरी ओढली. बादली आवाज न करता उपडी झाली. शाळेच्या पुस्तकात सूक्ष्म जिवांची चित्रं मी पाहिली होती. त्यांना उंचावरून पडून लागू नये म्हणून कुणीतरी एक कडी घडवली होती. मी किती तरी वेळ खाली बघत राहिले.

महाराज आले. अंगावर काही नाही, पायात काही नाही, दिवसातून एकदाच खाणं आणि पाणीही तेव्हाच. आई कलश घेऊन दारात उभी होती. ते थांबले. मागे गल्लीतल्या सगळ्या बायका, त्यात काकू. आता देणाऱ्यानं मन, वचन, काया शुद्ध, आहार-जल शुद्ध, असं मोठ्यानं सांगायचं. त्याशिवाय ते आत पाऊल टाकत नाहीत. आई 'आहार'पर्यंत आली आणि अडली. काकूंकडे तिची नजर गेली होती. पुढचा शब्द फुटेना.

महाराज काही विचारत नव्हते. ते विचारणार नव्हतेच. नुसते पुढे गेले असते. वर्गात उत्तर येत असूनही मी कधी हात वर केला नव्हता.

"जलही शुद्ध आहे, महाराज," मी म्हणाले. "मी स्वतः शेंदलंय."