साहेबांची हरळी

पांढुर्ण्याच्या स्टेशनवर भोपाळची गाडी आली, तेव्हा मी वळकटीवर बसून रडत होते. आणि आत लपवलेलं खुरपं टोचत होतं म्हणून आणखी रडत होते. सौंसरच्या भाच्यांनो, तुमची आत्या माहेर सुटलं म्हणून रडली, हे अर्धंच खरं.

राज्यांची नवी वाटणी झाली होती. नागपूर तिकडे गेलं, आपलं सौंसर इकडे, भोपाळच्या राज्यात राहिलं आणि यांची नागपूरची कारकुनी फायलींसकट भोपाळला निघाली. खुरपं पाहून आई म्हणाली होती, "भोपाळात का निंदाले चालली वं?" ऐकते कोण!

क्वार्टर मिळेपर्यंत यांच्या साहेबांनी आपल्या बंगल्यामागची खोली दिली. हे रोज बजावायचे, "बाईसाहेबांना खूश ठेव. खोली गेली तर धर्मशाळेत राहावं लागेल." खूश कसं ठेवावं याच विचारात होते, तर एका सकाळी पुढच्या अंगणात ती दिसली. जमिनीला चिकटून सरपटणारी काडी, पेरापेराला मुळं, वर फाकलेल्या बोटांसारखे तुरे. उपटली, तर खाली पांढरी टोकदार मुळी. हरळीच! पऱ्हाटीची वैरीण, कपाशीचा घास घेणारी! एवढ्या मोठ्या बंगल्यात निंदणारं कोणी नाही, याची मला कीव आली.

पदर खोचला आणि बाईसाहेब उठायच्या आत अंगण साफ उघडं केलं. ढीग रचून शाबासकीची वाट पाहत उभी राहिले.

बाईसाहेब बाहेर आल्या आणि मटकन पायरीवर बसल्या. "अरे बहू, ये क्या किया! हमारा लॉन!"

लॉन! जिच्यापायी तुमच्या आजोबांची कंबर मोडली, ती इथे मुद्दाम लावलेली, वर तिला पाणी घालायला माळी! यांचा चेहरा फुटलेल्या बोंडासारखा पांढरा. "सामान बांध," एवढंच म्हणाले.

तेव्हा मला निंदताना माझे बाबा कुरकुरायचे ते आठवलं: "एक पेर राहिलं ना पोरी, तं समज वावर गेलं." मी तो ढीग खुरप्यानं बारीक तोडला, अंगणभर पसरला, माती लोटली, पाणी शिंपलं आणि बाईसाहेबांना ठणकावलं, "ये मरतीच नहीं, बाई! हमारे सौंसर में सब करके देखा."

महिन्याभरात अंगण असं दाटलं, की शेजारचे साहेब माळ्याला शिकायला पाठवू लागले. खोली टिकली.

पुढे भोपाळातच आमचं घर झालं. तुमचे बाबा आले, दारातली हरळी पाहून कपाळावर हात मारला. "अक्का, तू हिले पाणी टाकून राहिली?"

टाकून राहिली, बाप्पा. सौंसरला आले की तुमच्या वावरात हिलाच उपटते, भोपाळला परतले की हिलाच पाणी घालते. तुझं घर कोणतं, असं विचारता ना? मला आधी पाहावं लागतं, हातात खुरपं आहे की झारी.