खानविलकर सरांची शिट्टी आणि माझा सुटलेला चेंडू

खानविलकर सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी आपल्या मराठी मंडळाने माझ्याकडे लेख मागितला आणि वर बजावलं, "सावंत, गोड लिहा हं. तेवढं रग्बीचं टाळा." गोड लिहायला मी काय बासुंदी आटवतोय? रग्बी टाळून सरांविषयी लिहिणं हे शुद्ध ढोंग आहे. ज्यांना पचणार नाही त्यांनी पान उलटावं.

सरांची पहिली भेट इथे परदेशात, तुआस भागातल्या जहाजदुरुस्तीच्या यार्डात झाली. मी रत्नागिरीहून आलेला नवखा इंजिनिअर, ते आमचे मॅनेजर. एका पंपाचे बोल्ट न बघताच मी तपासणीच्या कागदावर सही ठोकली होती. सरांनी कागद माझ्यापुढे धरला. "सावंत, डोळ्यांनी पाहिलंस?" भर उन्हात त्यांनी मला अख्खा पंप उघडायला लावला, आणि स्वतः स्पॅनर घेऊन शेजारी बसले. दोन बोल्ट खरंच सैल निघाले. संध्याकाळी हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाऊच्या ठेल्यांच्या मंडईत नेऊन त्यांनी मला पोटभर जेवू घातलं आणि त्या सहीचा विषय पुन्हा कधीही काढला नाही. पुढे माझी मुलगी रेवा झाली तेव्हा इथे आमचं कुणीच नव्हतं. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, रोज बुओना व्हिस्टाच्या घरून एमआरटी मेट्रोने डबा घेऊन यायच्या.

रग्बीला आम्हाला सरांनीच लावलं. आमच्या यार्डाचा संघ आणि पूल ओलांडून पलीकडे मलेशियात, जोहोरच्या यार्डाचा संघ, असा वर्षातून एक सामना. एक वर्ष इथे, एक वर्ष तिथे. आमच्या संघात निम्मे खेळाडू मंडळाचेच, आणि उरलेलं मंडळ आरडाओरडा करायला हजर. मैदानात एकमेकांची हाडं खिळखिळी करायची आणि मग एकाच टेबलावर जेवायला बसायचं. रीती दोनच. पंच यजमानांचा, आणि पाहुण्यांनी त्याच्यावर शंका घ्यायची नाही. जेवताना आपल्या माणसाशेजारी बसायचं नाही; एक खुर्ची त्यांची, एक आपली.

चार वर्षांपूर्वी सामना इथे होता. आपण यजमान, म्हणून पंच सर. शेवटच्या मिनिटाला आपण तीन गुणांनी मागे होतो. मी चेंडू घेऊन रेषेपलीकडे झेप घेतली. तो जमिनीला टेकवला की पाच गुण आणि सामना आपला. लोक नाचायला लागले, आणि सरांची शिट्टी वाजली. चेंडू टेकण्याआधी हातातून पुढे सुटला होता, गुण नाहीत.

मग काय गहजब! "आपलाच माणूस आणि आपल्याच मुळावर उठला!" "जोहोरवाल्यांना फितूर झाला!" पाहुण्यांनी शंका घ्यायची नाही ही रीत होती, पण इथे यजमानच आपल्या पंचाच्या अंगावर धावून गेले. जेवणाला आपल्यातलं कुणी फिरकलं नाही. जोहोरची माणसं रीतीप्रमाणे एकेक खुर्ची सोडून बसली होती आणि त्या रिकाम्या खुर्च्यांमध्ये एकटे सर. त्या वर्षी गणपतीची रोषणाई दुसऱ्याकडे दिली गेली. इतकी वर्षं शिडीवर चढून ते काम सर करायचे, त्यांना साधा फोनसुद्धा कुणी केला नाही. वहिनींना हळदीकुंकवाचं बोलावणं गेलं नाही. सामना तर बंदच पडला. आणि आज तीच मंडळी शाल, श्रीफळ आणि चकचकीत कागदाचा ग्रंथ घेऊन उभी! लाज कशी वाटत नाही म्हणतो मी?

हे मी त्यांनाच विचारतोय असं समजू नका. सगळ्यात जास्त लाज मला वाटायला हवी. चेंडू माझ्या हातातून सुटला होता. घामाने ओला होता, बोटांतून निसटला, मी पटकन त्याच्यावर हात दाबला. मला तेव्हाच कळलं होतं. लोकांनी खांद्यावर हात ठेवून "सावंत, तुझ्यावर अन्याय झाला रे" म्हटलं आणि मी नंदीबैलासारखी मान हलवली. तीसुद्धा न बघता ठोकलेली सहीच होती, फरक इतकाच की या वेळी मी बघितलं होतं. चार वर्षं मी सरांना सगळ्यांच्या शिव्या खाऊ दिल्या.

गेल्या महिन्यात हा लेख लिहायला बसलो, लिहवेना, तेव्हा सरांच्या घरी गेलो आणि सगळं बोलून टाकलं. विचारलं, "सर, तुम्ही मला तेव्हाच चारचौघांत का नाही धरलंत?" त्यांनी चहा पुढे सरकवला. "निर्णय शिट्टीने दिला होता ना? मग पुन्हा तोंडाने कशाला?" मग म्हणाले, "सामना बंद पडला, ते मात्र लागलं रे." इतकंच. घरी येऊन रेवाला सांगितलं, तर ती आपल्या इथल्या 'लाह' लावलेल्या इंग्रजीत म्हणते, "बाबा, यू ड्रॉप्ड इट, लाह. मी तिथेच होते. एव्हरीबडी सॉ!" म्हणजे सगळ्यांनी पाहिलं होतं. ऐकताय ना, मंडळी?

दुसऱ्याच दिवशी मी जोहोरच्या कप्तानाला, अझमानला फोन केला. तो तयारच होता. पुढच्या महिन्यात सामना त्यांच्याकडे. यजमान ते, पंच नेमायचा हक्क त्यांचा, आणि त्यांनी खानविलकर सरांना नेमलंय. या वेळी पाहुणे आपण, तेव्हा शंका घ्यायची नाही, हे आताच सांगून ठेवतो.

सर, गुडघ्याला पट्टा बांधा, गोळ्या वेळेवर घ्या आणि अजून पुष्कळ वर्षं खणखणीत राहा. त्या दिवशी तुम्ही पलीकडच्या बाजूचे असणार, म्हणजे रीतीप्रमाणे जेवताना तुमच्या शेजारची खुर्ची आमच्यापैकी एकाची. ती मी धरून ठेवली आहे. आणि माझ्या हातातून चेंडू पुन्हा सुटला, तर बिनधास्त शिट्टी फुंका. या वेळी हात वर करून "सुटला" म्हणून मीच ओरडेन.