मेलिंग कुआचा उलट्या स्टिअरिंगचा बंब

फिलिपीन्समधल्या इलोइलो शहरात, ला पाझ भागातल्या बाजारामागे मेलिंग कुआचा शेवयांचा कारखाना होता. शहरात बाचॉय, म्हणजे शेवयांचं गरम सूप, विकणाऱ्या निम्म्या लोकांच्या वाडग्यांत तिच्याच जाड पिवळ्या शेवया पडायच्या. कारखाना वडिलांनी काढलेला. ते गेले तेव्हा थोरला भाऊ कॅनडात दातांचा डॉक्टर होऊन बसला होता आणि पिठात हात घालायची त्याला मुळीच हौस नव्हती. मेलिंगला होती. वय तिशीच्या पुढे, लग्न नाही, आवाज खणखणीत. सकाळी पिठाची पोती उतरवताना ती हमालांशी इलोंगोत, म्हणजे तिथल्या भाषेत, भांडायची आणि दुपारी चिनी व्यापारी मंडळातल्या म्हाताऱ्यांशी होक्कियन या त्यांच्या चिनी बोलीत. दोन्हीकडे आपणच जिंकतो, असं निदान तिचं म्हणणं होतं.

एका मार्चमध्ये भर दुपारी केळी तळणाऱ्या एका गाडीवरून ठिणगी उडाली आणि बाजारामागची वस्ती पेटली. बांबूच्या भिंती, झावळ्यांची छपरं. आगीला आयतंच सरपण. बंब आला खरा, पण गाडी रुंद आणि गल्ली अरुंद, तो तोंडाशीच अडकला. मग हमाल, मासेवाल्या, प्रवासी जीपा चालवणारे जीपनीवाले सगळे धावले. त्यांनी मेलिंगची यंत्रं ओढून रस्त्यावर आणली. छप्पर गेलं, पीठ गेलं, पण यंत्रं वाचली.

दुसऱ्या दिवशी तिला कळलं की जे तिची यंत्रं ओढत होते, त्यांतल्या कित्येकांची घरं तेवढ्या वेळात जळून गेली होती. हे तिच्या मनाला फार लागलं. ताडपत्रीखाली तिने यंत्रं मांडली, शेवया सुरू केल्या, वस्तीला महिनाभर जेवू घातलं. तरी आत काहीतरी टोचतच राहिलं.

व्यापारी मंडळाच्या बैठकीत ती उभी राहिली आणि म्हणाली, "आपण एक बंब घेऊ. गल्लीत शिरेल असा लहान."

मंडळाचे अध्यक्ष होते म्हातारे ओंग. त्यांचाही शेवयांचाच कारखाना, त्यामुळे दोन्ही घराण्यांचं पिढीजात वाकडं. वडीलधारे म्हणून सगळे त्यांना अपेक म्हणत. अपेक तिला शोबे म्हणत, धाकटी बहीण.

"शोबे, आधी स्वतःचं छप्पर घाल."

"घालीन, अपेक. पण ते परत पेटलं तर विझवायला कोण येणार? तुम्ही?"

"मी कसला येतोय. माझे गुडघे जिनासुद्धा चढू देत नाहीत."

"म्हणून तर बंब हवा."

सगळे हसले, अपेकही हसले, आणि चहाबरोबर विषय संपला. मेलिंगचा मात्र संपला नाही. छपरासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून तिने जपानचा एक जुना, छोटा बंब आणवला. पाऊस आला तेव्हा कारखान्यात ताडपत्रीच होती, आणि दारात लालभडक बंब.

चालवायला तिने दादिंगला बोलावलं. तो जीपनी चालवायचा. यंत्रं ओढणाऱ्यांत पुढे होता, आणि त्याचंही घर गेलं होतं. तिथे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात आणि स्टिअरिंग डावीकडे असतं, म्हणून तो ऐटीत डाव्या दाराने आत चढला आणि तसाच खाली उतरला.

"आची, स्टिअरिंग चोरीला गेलंय." बाजारात सगळे मेलिंगला आची म्हणत, थोरली बहीण.

"पलीकडे बघ."

त्याने पलीकडे पाहिलं. "ही गाडी आरशात बघून बनवली का?"

चालवायला तो शिकला, पण उजवीकडे बसून त्याला पुढचं वाहन ओलांडता येईना. समोरून काय येतंय ते दिसायचंच नाही. म्हणून डावीकडे मेलिंग बसू लागली. खिडकीतून अर्धी बाहेर वाकून ती ओरडायची, "जा", "थांब", "अरे थांब म्हटलं ना". अशा रीतीने बंब कुठेही निघाला तरी कारखान्याची मालकीण त्यात असायचीच.

पहिलं वर्षभर आग काही लागेना. बंबाने नाल्यात पडलेली म्हैस काढली, कोरड्या विहिरींच्या वस्त्यांना पाणी नेऊन दिलं. एकदा लग्नाची गाडी बंद पडली, तर नवरानवरीला चर्चपर्यंत पोचवलं. अपेक ओंग भेटेल त्याला सांगायचे, "शोबेने शेवया उकडायला नवं पातेलं घेतलंय."

चिनी नववर्षाच्या सकाळी सिंहाचा नाच चालला असताना एक फटाका उडाला तो थेट ओंगांच्याच कारखान्याच्या छपरावर. शहराच्या मोठ्या बंबाला तीही गल्ली अरुंदच होती. मेलिंगचा बंब दोन्ही भिंतींना खरवडत आत शिरला. बघते तर दारात अपेक हात पसरून उभे.

"पाणी मारू नकोस. आत पीठ आहे."

"अपेक, बाजूला व्हा."

"भिजेल म्हणतोय ना मी."

"भिजलेल्या पिठाच्या शेवया तरी होतात. जळलेल्याचं काय करणार?"

तेवढ्यात दादिंगने अपेकांना उचललं आणि बंबात नेऊन बसवलं. धडपडीत त्यांचा हात भोंग्यावर पडला, आणि आग विझेपर्यंत तो भोंगा काही थांबला नाही. बंद कसा करायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि विचारायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

अर्धं छप्पर गेलं, बाकी सगळं वाचलं. दुरुस्ती होईपर्यंत ओंगांच्या शेवया मेलिंगच्या यंत्रांवर निघाल्या आणि ओंगांच्याच कागदात बांधून त्यांच्या गिऱ्हाइकांकडे गेल्या. पुढच्या बैठकीला अपेक काठी टेकत आले. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले, "दुसरा बंब कधी घ्यायचा? आणि या वेळी सरळ माणसांसाठी केलेला घ्या."

मेलिंग आणि दादिंगचं जुळलंय हे एव्हाना बाजारभर झालं होतं. मेलिंगच्या आईने अंथरूण धरलं. चिन्यांची मुलगी बाहेर द्यायची, तीही जीपनीवाल्याला, हे तिच्या गळी उतरेना. शेवटी अपेक स्वतः मध्ये पडले. आईसमोर त्यांनी दादिंगला विचारलं, "होक्कियन येतं का रे?"

"भांडण्यापुरतं येतं, अपेक. आचीनेच शिकवलंय."

"मग संसार चालेल," असं म्हणून अपेकांनी आईकडे पाहिलं. आईला हसू आवरलं नाही, आणि हसल्यावर नाही म्हणणं अवघड होऊन बसलं. तिच्या होकारानंतर दादिंग मेलिंगला आची म्हणायचा थांबला आणि इलोंगोतलं लाडाचं 'दाय' म्हणू लागला.

पुढे बंब वाढले, स्वयंसेवक वाढले. मासेवाल्यांची एक तुकडी झाली, आणि पाइप ओढण्यात त्यांचा हात कुणी धरू शकेना. अपेक गेल्यावर मंडळाने मेलिंगलाच अध्यक्ष केलं. त्या खुर्चीवर तोवर बाईमाणूस कधी बसलं नव्हतं. तिने कारखान्याच्या नफ्यातून भाजलेल्या रुग्णांसाठी एक छोटा दवाखाना बांधला. नाव द्यायची वेळ आली तेव्हा आपलं नको म्हणाली. लोकांनी नुसतंच 'आचीचा दवाखाना' म्हणायला सुरुवात केली, त्यापुढे तिचं काही चालेना.

आता तिने सत्तरी ओलांडली आहे. कारखाना मुलगी बघते. मेलिंग दर बुधवारी दवाखान्यात जाते आणि खाटांमधून फिरून विचारपूस करते. परवा हात भाजलेल्या एका सुताराला तिने विचारलं, "काय रे, बरं वाटतंय का?"

"वाटतंय, आची. पण इथली पेज फार अळणी आहे."

मेलिंगने त्याच्या वाटीतली चमचाभर चाखली. मग वाटी तशीच हातात घेऊन ती स्वयंपाकघराकडे निघाली, आणि थोड्याच वेळात तिकडून तिचा इलोंगोतला आवाज सगळ्या खाटांपर्यंत ऐकू येऊ लागला.