पायपेटीच्या पट्टीत

विठ्ठलभाऊ गेल्याचा फोन आला, तेव्हा मी व्हायोलिनला आतड्याची नवी तात चढवत होतो. रविवारी कामरगावला त्यांच्याकडेच वाजवायला जायचं होतं. त्यांच्या पत्नी यमुनावहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, या." मेथीच्या वाफ्याला पाणी देता देता ते बांधावर टेकले, ते उठलेच नाहीत... कारंज्याहून जीप धरली आणि सवयीने व्हायोलिन काखेत मारूनच गेलो. मयताच्या घरी वाद्य घेऊन पोहोचलेला मी एकटाच.

विठ्ठलभाऊ भाजीपाला पिकवायचे आणि बरोक वाजवायचे. हे युरोपातलं, तीनेकशे वर्षांपूर्वीचं संगीत. त्यात दोन सुरावटी आपापल्या वाटेने चालतात, पण एकमेकींना सोडत नाहीत. मिशनच्या शाळेत एका म्हाताऱ्या बाईंनी त्यांना ते शिकवलं. शाळा बंद पडली तेव्हा तिथली पायाने भाता मारायची परदेशी पेटी जळणात निघाली होती. ती त्यांनी भाजीच्या गाडीत घालून घरी आणली. माझं व्हायोलिन तिच्याहून जुनं, गुरुजींनी दिलेलं. त्याला तातच लावायची, स्टीलची तार नाही, हा आम्हा दोघांचा हट्ट. उन्हाळ्यात तात घडीघडी उतरायची, म्हणून आम्ही सकाळीच वाजवून घ्यायचो. वहिनी ओसरीत मेथीच्या जुड्या बांधत बसायच्या आणि एवढ्या वेळात दोन वाफे निंदून झाले असते, असं आम्हाला ऐकवायच्या.

त्या पेटीची पट्टी आजच्यापेक्षा बरीच खाली. नागपूरचा एक कारागीर म्हणाला, आतली पितळी रीडं घासून आजच्या सुरात आणून देतो, मग कुणाहीबरोबर वाजवा. मला पटलं होतं. विठ्ठलभाऊंनी पेटीचं झाकण लावून टाकलं. "तिचा आवाज असाच हाय. एकडाव घासला तं वापस येत नाई. आपुनच खाली उतरू." मी व्हायोलिन उतरवलं. तेव्हापासून ते फक्त त्या एका पेटीशी जुळतं. अख्ख्या जिल्ह्यात आम्हाला तिसरा वाजवणारा भेटला नाही, आणि खरं सांगतो, आम्ही शोधलाही नाही.

आता ते अंगाशी आलं आहे. लोक मायेने म्हणतात, आमच्या भजनात साथीला या. जाऊन बसतो, ऐकतो, परत येतो. फार एकटं वाटतं. तात वर चढवली की सगळ्यांशी जुळेल, पण मग विठ्ठलभाऊंशी कधीच जुळणार नाही... हात धजत नाही.

गेल्या आठवड्यात वहिनींना सांगायला गेलो, की मी आता वाजवणं सोडतो. त्यांनी ऐकून घेतलं, जुड्यांची टोपली पुढ्यात ओढली आणि म्हणाल्या, "तुमचं तेवढं वाजवा." मी म्हटलं, वहिनी, ते अर्धंच होईल. त्यांनी एक जुडी उचलून सुतळी घेतली. बंद पेटीशेजारी उभा राहून मी सुरू केलं. त्या सुन्या खोलीत माझी एकट्याची सुरावट उघडी पडल्यासारखी वाटत होती. मध्ये एके ठिकाणी नुसती पेटीच वाजते, मला काहीच नसतं. ती शांतता मला सोसवेना. मी ती जागा गाळली आणि पुढचं धरलं.

"थांबा भाऊजी," वहिनी खाली बघतच म्हणाल्या. "त्यायचं अजून सरलं नाई."

मी गज खाली घेतला. सुतळी त्यांच्या बोटांत तशीच राहिली होती, पायाचा अंगठा जमिनीवर ठेक्यात हलत होता. तो थांबला, तेव्हा मी वाजवलं.