शिंपला, मासे आणि निळा ड्रम

ती घटना आठवायला मला कष्ट पडत नाहीत. मासे, काच, शिंपला हे सगळं मागून येतं. आधी आठवतो तो रस्त्याकडेला ठेवलेला एक निळा ड्रम.

लातूर जिल्ह्यात अहमदपूरच्या बाजूला एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. दुष्काळ असा की ठाण्याच्या पाण्याच्या टाकीलाही कुलूप होतं आणि त्याची किल्ली ठाणे अंमलदार बंदुकांच्या किल्लीसोबत सांभाळायचा. त्यातच नवा जिल्हा होणार अशी आवई उठली होती. प्यायला पाणी नव्हतं, पण माळावरचे प्लॉट मात्र धडाधड विकले जात होते. आशा विकायला पाऊस लागत नाही.

असाच एक प्लॉटवाला सकाळी फिर्याद घेऊन आला. गिऱ्हाइकावर छाप पडावी म्हणून त्याने बंगल्याच्या दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी केली होती. आत प्रवाळ, नारंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे क्लाऊन फिश आणि मधोमध सुपाएवढा एक जिवंत शिंपला. रात्रीतून सगळं मेलं होतं. कुणीतरी विष टाकलं, असं त्याचं म्हणणं.

संशय घरकाम करणाऱ्या बाईवर होता. टिप दिली त्याच्याच ड्रायव्हरने. हवेने टाकीतलं पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून रोज जारमधल्या फिल्टरच्या गोड्या पाण्याची भर घालावी लागे. त्या जारमधून एक कळशी बाईने मागितली, मालकाने नाही म्हटलं. तेव्हा ती पुटपुटली होती, "माशाला हाय, मानसाला न्हाई." एवढं वाक्य हवालदाराला पुरलं. तो जीप घेऊन गेला आणि बाईला घेऊन आला.

महिला शिपाई शेजारी बसवून मी चौकशी सुरू केली. बाई तिशीची असेल. नवरा पुण्याकडे मजुरीला गेलेला, घरी अंथरुणाला खिळलेली सासू. सुरुवातीला ती साफ नाही म्हणाली. रडली नाही, शपथा घेतल्या नाहीत. फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. आणि अकराच्या सुमारास एकदम म्हणाली, "म्या टाकलं साहेब. लिवा. अंगठा देते."

हवालदाराने लगेच कागद ओढला. इतक्या लवकर पिकलेलं फळ मी खात नाही. काय टाकलं, विचारलं. फिनेल म्हणाली. किती? "तुमी म्हनाल तेवढं." बाटली कुठे फेकली? तेही आम्हीच सांगावं, असा तिचा चेहरा. नोकरीभर मी कबुल्या ऐकल्या होत्या. मार चुकवायला दिलेल्या, भावाला वाचवायला दिलेल्या. ही त्यातली नव्हती. मी पेन खाली ठेवलं आणि घड्याळात काय बघतेस, एवढंच विचारलं.

"आज आमच्या गल्लीत टँकर हाय," ती म्हणाली. "धा दिसानं येतो. ड्रम लाइनीत लावलाय, पर उभं राहायला कुनी न्हाई. काय लिवायचं ते लिवा, पर टँकर यायच्या आत सोडा."

अंगठा दिला की सुटका, असा तिचा हिशोब. अंगठा दिल्यावर आत जावं लागतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. तेव्हा ती पहिल्यांदा घाबरली.

कबुली दिल्यावर शहानिशा होईपर्यंत तिला तसंच सोडता येत नव्हतं. आता घाई मला होती. पुरावा म्हणून फिर्यादीने आपल्या मोबाइलमधले व्हिडिओ दाखवले होते, 'बघा कालपर्यंत कसं छान होतं' म्हणून. ते मी नांदेडला प्राणीशास्त्र शिकवणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना पाठवले आणि फोन केला. त्यांनी ते पाहिले आणि मलाच प्रश्न केला, शिंपला उघडा आहे असा एकतरी व्हिडिओ आहे का? जुन्यात होता. नंतरच्या आठवडाभराच्या एकाही व्हिडिओत नव्हता.

त्यांनी सांगितलं ते असं. हे मासे समुद्रफूल नावाच्या प्राण्यात घर करतात. टाकीत ते नव्हतं, म्हणून त्यांनी शिंपल्यालाच घर मानलं. दिवसभर अंग घासत बसले. शिंपला मिटला तो मिटलाच. त्याला उघडून उजेड घ्यावा लागतो, तो मिळाला नाही. तो आतल्या आत मेला, सडला, आणि त्याच्या सडण्याने पाणी नासून मासेही मेले. "विष कुणी टाकलं नाही. घर चुकलं," त्या म्हणाल्या.

पंचांसमोर शिंपला उघडला तेव्हा दिवाणखान्यात कुणाला उभं राहवेना. फिनेलचा वास तेवढा कुठे नव्हता. शिवाय असा शिंपला बाळगणं हाच वन्यजीव कायद्याने गुन्हा. फिर्याद द्यायला आलेल्या माणसाला मी वन खात्याच्या ताब्यात दिलं. त्याचा चेहरा पडला, मला बरं वाटलं. पुढे तो जामिनावर सुटला आणि पुन्हा प्लॉट विकू लागला.

ठाण्यात परतलो तेव्हा दुपार कलली होती. तुझ्यावर काही नाही, असं बाईला सांगितलं. तिने विचारलं, "टँकर गेला असंल का?"

मी स्वतः तिला सोडायला गेलो. गल्लीत चिखलातल्या चाकोऱ्या ताज्या होत्या. दारोदारी भरलेले ड्रम, त्यावर ओली फडकी बांधलेली. तिचा निळा ड्रम ओळीतून बाहेर काढून गटाराच्या कडेला उलटा टाकलेला. तिथली रीत अशी की माणूस घटकाभर जागेवर नसलं तरी शेजारी ड्रम पुढे सरकवतात. त्या दिवशी तो कुणी सरकवला नव्हता. सकाळी जीप येऊन बाईला घेऊन गेली हे सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि चोरट्या बाईचा ड्रम कोण भरून घेणार? मी एका म्हातारीला म्हणालो, मावशी, हिने काही केलेलं नाही, मी सांगतो ना.

"नसंल केलं साहेब," ती म्हणाली, "पर टँकर तर गेला."

मला फार लाज वाटली, आणि त्याहून जास्त राग आला. कुणावर ते आजही नीट सांगता येत नाही. ठाण्याच्या टाकीतून दोन घागरी मी पाठवल्या. दहा दिवसांना दोन घागरी म्हणजे काय, हे मलाही कळत होतं.

त्यानंतर कुठल्याही बाईला चौकशीला आणायचं असलं की मी जीप गल्लीत नेऊ दिली नाही. महिला शिपायाला साध्या कपड्यांत पायी पाठवायचो. न्यायालयाचा निकाल यायला वर्षं लागतात. जीप दारात थांबली की गल्लीचा निकाल त्याच क्षणी लागतो, आणि त्यावर अपील नसतं.

निघताना मी मागे पाहिलं. बाईने ड्रम सरळ केला, पदराने तळ पुसला, आणि रिकाम्या रस्त्यावर जिथे टँकर थांबतो तिथे पहिल्या नंबरावर नेऊन ठेवला. पुढचा टँकर यायला दहा दिवस होते.