तुमच्या आधी इथं कोण होतं?

नोकरीचे किस्से नोकरी करणाऱ्यांकडं असतात, असं लोकांना वाटतं. खोटं! नोकरी शोधून जे हात हलवत घरी आले, त्यांच्याकडं जास्त असतात. तांदळातल्या खड्यांसारखे. कितीही निवडा, जेवताना एखादा दाताखाली येतोच. माझ्या दाताखाली आले ते सांगते. ज्याला हसायचं त्यानं हसावं. मला हसू येत नाही.

लढाईचे दिवस होते. कर्जतच्या मराठी शाळेत सातवीला सगळे मुलगे, आणि आम्ही तीन मुली. मी सगुणा, माझी जिवाची मैत्रीण वत्सला, आणि नदीपलीकडची सुंदर.

वत्सलाचा बाप गवताच्या वखारीत मुकादम होता. मुंबईच्या तबेल्यांना गवत जायचं, त्याचे गठ्ठे बांधून घ्यायचा. तो एकदा जेवताना तिला म्हणाला, "सातवीची फायनल होईस्तवर मी गप बसतो. तवर पगाराची आन् राहायची सोय दाखव, माझी ना नाय. नायतर पयलं येईल ते स्थळ!"

बाप हे हसत हसत म्हणाला होता. वत्सलानं ते घट्ट धरून ठेवलं.

*

एक दिवस हेडमास्तरांनी वर्गात विचारलं, "सातवीनंतर पुढं काय?"

पोरं ओरडायला लागली. "तलाठी!" "रेल्वे!" "मिलिटरी!" हेडमास्तरांनी एकेक नाव फळ्यावर मांडलं. कशाला किती शिकावं लागतं, कुठं बदली होते, म्हातारपणी पेन्शन कशात, सगळं समोरासमोर. फळा भरला. मग आमचा बाक आला, तर त्यांनी खडू खाली ठेवला आणि हात झटकले.

वत्सला उभी राहिली. "गुरुजी, आन् आमी?"

"तुम्ही ना? तुम्ही फळा पुसा."

*

खालच्या वर्गाला शिकवायला एक बाई होत्या. लाल आलवणातल्या, बालविधवा. फळ्याची गोष्ट त्यांच्या कानावर गेली. मधल्या सुट्टीत त्यांनी आम्हाला बोलावलं.

"पुसलात फळा? आता मी सांगते ते करा. आपल्या कमाईवर जेवणाऱ्या बायका शोधा आणि त्यांच्याकडं जा. पगार विचारू नका, तो सगळेच वाढवून सांगतात. एवढंच विचारा, तुमच्या आधी इथं कोण होतं, आणि ती का गेली? त्यात सगळं आलं."

पहिल्यांदा गेलो दवाखान्यात. नर्सबाई ऐटीत होत्या, पांढरं पातळ आणि पायात बूट. बुटांवरून सुंदरची नजर हटेना.

वत्सलानं विचारलं. नर्सबाई पट्ट्या गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, "माझ्या आधी एक ख्रिस्ती बाई होती. पटकीच्या साथीत गेली."

"आणि तिच्या आधी?"

"ती देवीच्या साथीत."

मी वत्सलाचा पदर ओढला. पण तिच्या डोक्यात बापाची अट. तिनं विचारलं, "राहायला खोली मिळते?"

"मिळते की! तीच खोली. खाटसुद्धा तीच."

*

मग भाताची गिरणी. आत बायका रांगेनं बसून पाखडत होत्या. कोंडा एवढा उडत होता की कोण तरणी आणि कोण म्हातारी, कळत नव्हतं. एकीला विचारलं.

"माज्या आधी माजी आय व्हती."

"ती का गेली?"

बाईनं सांगायला तोंड उघडलं आणि तिला खोकल्याची उबळ आली. सूप पडलं. ती वाकली, भिंतीला टेकली, खोकला थांबेना. शेजारणीनं नुसतं सूप उचलून दिलं. रोजचंच असावं.

दारात दिवाणजी उभा होता. त्यानं तिच्याकडं नीट बघितलं, मग आमच्याकडं वळला. "आता जागा नाय, पोरींनो. दिवाळीनंतर या. व्हईल बहुतेक!"

*

नेरळला माझी आत्या राहायची. सुट्टीत आम्ही तिघी तिच्याकडं गेलो. माथेरानच्या वाटेवर एक ठाकरीण डोक्यावर कुणा साहेबाची ट्रंक घेऊन चढत होती. वळणावर तिनं ट्रंक दगडावर टेकवली आणि श्वास घ्यायला बसली. सुंदर म्हणाली, हिलापण विचारू या. गंमत म्हणून.

"मावशी, तुमच्या आधी हे ओझं कोण न्यायचं?"

"घोडं."

"मग ते का गेलं?"

"लढाईत चंदी महागली, बाय. घोड्याला चंदी घालावी लागते. मला कोन घालतंय?"

सुंदर खो खो हसली. ती बाईही हसली. मग ट्रंक पुन्हा डोक्यावर चढवायला आम्ही तिघींनी हात लावला, तेव्हा कळलं ती केवढी जड होती.

*

सुंदरला पोस्टात बसायचं होतं. "खुर्ची मिळते गं! आन् साऱ्या गावाची पत्रं आधी आपल्या हातात!" शाळेतल्या बाईंनी समजावलं, पोस्टात इकडं अजून बाई नाही. सुंदर म्हणाली, "बरंच की! आधी कोणी नाय, म्हंजे कोणी मेलेलं पन नाय!"

माघात तिचं लग्न झालं. परीक्षेला आमच्या बाकावर दोघीच होतो.

पुढचंही इथंच सांगून टाकते, नाहीतर सांगायचं राहील. दीड वर्षानं सुंदर बाळंतपणात गेली. बाराव्याला मी आईबरोबर गेले. तिथं तिच्या सासूनं डोळे पुसले, मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि माझ्या आईला विचारलं, "हिचं कुठं ठरवलंय का?"

*

फायनल झाली. आम्ही दोघी पास. वत्सलाच्या डोक्यात आता एकच होतं, पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात जाऊन मास्तरीण व्हायचं. तिथं राहायची सोय होती, पुढं पगार होता. बापाची अट पुरी होत होती.

ती बाईंकडं गेली. मी सोबत होते.

"बाई, तिथं जायला काय लागतं?"

बाई म्हणाल्या, "सातवी पास. चांगलं अक्षर. आणि मेलेला नवरा. माझ्या वेळच्या बहुतेकींना तो होता, म्हणून तर घरच्यांनी सोडलं."

वत्सलानं विचार केला. "न झालेला चालतो?"

"चालतो गं. पण न झालेला फार दिवस तसा राहू देत नाहीत. लवकर जा!"

*

आठ दिवसांच्या आत कुंभिवलीकडचं स्थळ आलं. बिजवर. मध्यस्थानं सांगितलं, "चांगलं भाताचं रान हाय, बैलजोडी हाय. बायको तापानं वारली बिचाऱ्याची. मूलबाळ नाय, कटकट नाय."

वत्सलानं बापाला अटीची आठवण करून दिली. बाप म्हणाला, "मी म्हनलं व्हतं सोय दाखव. ती पुण्याला हाय. पाव्हणं दारात हायत."

तिची आई चुलीपाशी होती. ती माउली घरात बोलायचीच नाही. इतकी वर्षं मी त्या घरी जात होते, तिचा आवाज सांगा म्हटलं तर मला सांगता यायचा नाही.

पाव्हणे खोपोलीच्या गाडीनं आले. नवरदेव, त्याचा मामा आणि त्याची म्हातारी आई. मी आतून पोह्यांच्या बश्या भरून देत होते. वत्सलाला चालायला लावलं. सुईत दोरा ओवायला लावला. वाचायला लावलं, आणि तिनं घडाघडा वाचलं तर मामा म्हणाला, "पुरं पुरं! शेतात काय वाचायचंय?" सगळे हसले.

हसण्याच्या भरात मामा मोठ्या मनानं म्हणाला, "आता पोरी, तुला काय इचारायचं आसंल तर इचार हो! आमी काय जुन्या वळणाचे नाय!"

हे नुसतं म्हणायचं असतं. मुलीनं मान खाली घालायची असते.

वत्सलानं मान वर केली.

"माझ्या आधी तुमच्याकडं कोण होतं? आणि ती का गेली?"

बाप गरजला, "वत्सले!" मामाच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं. नवरदेव मांडीवरची टोपी फिरवत बसला.

म्हातारीला मात्र त्यात काही वावगं वाटलं नाही. चांगली होती बिचारी. पोरीनं सरळ विचारलं, तर आपण सरळ सांगावं, असा तिचा चेहरा. पुढं सरकून तिनं वत्सलाला मायेनं विचारलं,

"कंची गं बाय? पयली का दुसरी?"

अजून कुणी पोह्यांचा घासही घेतला नव्हता.

वत्सलाची आई चुलीपासून उठली, बाहेर आली आणि पाव्हण्यांच्या हातातल्या बश्या एकेक करून काढून घेऊ लागली.